खडकावर क्रॉलर अडतो, मोटर तापते: नवी मोटर घेण्याआधी हे बघा

खडकांवर चढवायची रिमोटची गाडी, म्हणजे आरसी क्रॉलर, सपाटीवर गुमान चालते. पुढची चाकं खडकाला लागली की मोटर नुसती घुमते, गाडी थरथरते, आणि ट्रिगर अजून दाबला तर एकदम उडी मारून पाठीवर पडते. दहा मिनिटांनी मोटरला हात लावावा तर चटका बसतो.

ही तक्रार असलेल्या १/१० स्केलच्या गाड्या मी पुन्हा पुन्हा उघडल्या आहेत. काही माझ्या, बाकीच्या मित्रांच्या. उघडण्याआधीच मालकाचं निदान झालेलं असतं: "मोटर कमी पडतेय, मोठी टाकू." बहुतेक वेळा मोटर पुरेशी असते. तिची ताकद वाटेत कुठेतरी घासण्यात जाते, किंवा तिच्यापर्यंत पुरेसा करंट पोचतच नाही. अशा गाडीत मोठी मोटर टाकली तर तेच घासणं अधिक जोराने होतं, आणि पुढच्या खेपेला गिअरचे दाते जातात.

आधी लक्षण नीट ओळखा

"चढत नाही" या दोन शब्दांत पाच वेगळे बिघाड लपलेले असतात.

- सुरुवातीला ठीक, आठ-दहा मिनिटांनी ताकद कमी, थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठीक: हा उष्णतेचा प्रश्न. ईएससी (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा बोर्ड) किंवा मोटर तापते आहे.
- चढावर अचानक मेल्यासारखी होते, सपाटीवर आणली की लगेच चालते, मोटर मात्र फारशी गरम नाही: बॅटरी, कनेक्टर किंवा ईएससीचा कटऑफ, म्हणजे बॅटरी संपत आली की वीज तोडणं.
- दगडात चाक अडकलेलं असताना स्टिअरिंग वळवलं की सगळंच बंद, दिवे मिणमिणतात, क्षणात परत येतात: सर्वोने (चाकं वळवणाऱ्या मोटरने) रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीची, वीज ओढून घेतली.
- मोटरचा आवाज चढतो पण चाकं फिरत नाहीत, सोबत टकटक किंवा करकर: पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर), स्लिपर (जादा भार आला की घसरणारा क्लच), नाहीतर एखादी पिन.
- अगदी हळू चालवताना झटके, मग एकदम उसळी: ब्रशलेस असेल तर सेन्सर वायर, ब्रशवाली असेल तर ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे), आणि दोन्हींत गिअरची चुकीची जुळणी.

दोन लक्षणं एकत्र दिसली तर गोंधळू नका. जड फिरणारी गाडी जास्त करंट ओढते, त्यामुळे बॅटरीही बसते आणि मोटरही तापते. मूळ एकच असतं.

हळू चालते म्हणून मोटर निवांत नसते

पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. चाक दगडात अडकून मोटर थांबली की हे उलट व्होल्टेज शून्य होतं. मग करंटला अडवायला उरतो फक्त तारेचा रोध. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. आणि फिरतच नसल्याने मोटरच्या आतली हवाही हलत नाही. रेसिंगची गाडी भन्नाट पळताना जितकी तापत नाही, तितकी क्रॉलरची मोटर एका जागी कण्हत बसली की तापते.

म्हणून गाडी अडकली की ट्रिगर धरून बसू नका. दोन सेकंदांत हलली नाही तर मागे घ्या आणि दुसरी वाट धरा. यानेच निम्म्या तक्रारी मिटतात, पण हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

बॅटरी आणि कनेक्टर

इथून सुरुवात, कारण काही उघडावं लागत नाही. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवायला हवा. दोन सेलची बॅटरी असेल तर एकूण ८.४, तीन सेलची असेल तर १२.६. एकूण आकडा बघून थांबू नका, बॅलन्स प्लगवरून (बॅटरीचा बारीक तारांचा दुसरा प्लग) प्रत्येक सेल वेगळा मोजा. एक सेल इतरांपेक्षा खाली असेल तर चढावर तोच आधी कोसळतो.

मग कोणाला तरी गाडी धरायला सांगा, चाकांवर भार येईल इतपत ट्रिगर क्षणभर दाबा आणि व्होल्टेज बघा. मोकळ्यात ८ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भार येताच ६.५ च्या खाली जात असेल तर ईएससीला ती संपलेली वाटते आणि तो वीज तोडतो. तो त्याचं काम करतोय, दोष बॅटरीचा.

चालवून झाल्यावर लगेच कनेक्टरला बोट लावा. वायर थंड आणि कनेक्टर गरम असेल तर आत संपर्क सैल आहे किंवा सोल्डर कच्चं आहे. ईएससीवर लायपो आणि निकेल बॅटरीसाठी जंपर असतो, तोही बघून घ्या. लायपो लावून जंपर निकेलवर राहिला तर कटऑफ वेळेवर लागत नाही आणि बॅटरी कायमची खराब होते.

चाक हाताने फिरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि हिला पैसे लागत नाहीत. बॅटरी काढून टाका. मोटरचे दोन स्क्रू सैल करून पिनियन त्याला जुळणाऱ्या मोठ्या स्पर गिअरपासून बाजूला सरकवा. गाडी स्टँडवर ठेवा, चारही चाकं हवेत. आता एक चाक बोटाने फिरवा. क्रॉलरचे अ‍ॅक्सल सहसा लॉक असतात, त्यामुळे समोरचं चाकही फिरेल, शाफ्टही फिरतील. सगळं मिळून एका बोटाने, कुठेही न अडखळता फिरायला हवं. एका फेरीत एकाच जागी जड लागत असेल तर तिथेच चोर आहे.

जड लागलं तर एकेक भाग वगळत जा. पुढचा ड्राइव्ह शाफ्ट काढा, पुन्हा फिरवा. मग मागचा. मग चाकं काढून अ‍ॅक्सल. जो काढल्यावर गाडी हलकी झाली, तोच दोषी.

नेहमी सापडणाऱ्या गोष्टी: चाकामागे गुंडाळलेला केस किंवा गवताचा धागा, जो बेअरिंगच्या आत शिरून बसतो. चाकाचा नट इतका आवळलेला की बेअरिंग बाजूने दाबलं गेलं. नट आवळून झाला की पाव फेरी मागे घ्यावा आणि चाकाला अगदी केसभर ढिलाई ठेवावी. पाण्यातून काढलेली गाडी तशीच ठेवल्याने गंजलेलं बेअरिंग. अ‍ॅक्सलमध्ये ठासून भरलेलं जाड ग्रीस.

आणि लांब स्क्रू. ही माझी स्वतःची फजिती. एका गाडीत मी एकामागोमाग तीन मोटरी बदलल्या आणि तिन्ही तापल्या. शेवटी वैतागून मागचा अ‍ॅक्सल उघडला तर कव्हरचा एक स्क्रू दुसऱ्या भोकातला होता, दोन-तीन मिलिमीटर लांब. त्याचं टोक आत रिंग गिअरला घासत होतं. गिअरवर गोल चकचकीत रेघ उमटली होती. तो स्क्रू मीच बसवला होता, हे सांगायची गरज नाही. तेव्हापासून गाडी उघडताना प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या झाकणात ठेवतो.

पिनियन आणि स्पर

मोटर परत सरकवताना दोन्ही गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या घड्या पडायला हव्यात, ती फाटता कामा नये. फाटली तर जुळणी फार घट्ट: मोटर रिकामी फिरतानाही घासते. घड्या पुसट असतील तर फार सैल: चढावर दाते उडी मारतात आणि एक-दोन चढावांत स्पर गुळगुळीत होतो. ही तपासणी स्परच्या एका जागी करून भागत नाही. स्पर थोडा वाकडा बसला असेल तर एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल लागतो. तीन-चार जागी बघा.

पिनियनला धरून ठेवणारा बारीक ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर आवळला तर सपाटीवर धरतो आणि नेमका चढावर सुटतो. धातूवर धातू असल्याने तिथे थ्रेड लॉकचा (स्क्रू सुटू न देणारा गोंद) एक थेंब लावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र ते लावू नका, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं.

घसरतंय का हे डोळ्यांनी कळत नसेल तर मार्करने पिनियन आणि शाफ्टवर मिळून एक रेघ ओढा. स्लिपर असेल तर स्पर आणि स्लिपरच्या प्लेटवर दुसरी. गाडी चढावर नेऊन आणा. रेघ तुटली असेल तर तिथे घसरतंय.

टेबलावर ठीक, खडकावर नाही

काही गाड्या टेबलावर सगळ्या परीक्षा पास होतात आणि बाहेर नेली की रडतात. कारण टेबलावर सस्पेन्शन सरळ असतं. पुढचं उजवं चाक आणि मागचं डावं चाक पुस्तकांच्या ढिगावर ठेवा, म्हणजे गाडी पूर्ण पिळली जाईल. याच अवस्थेत शाफ्ट हाताने फिरवा. शाफ्टचा कोन जास्त झाला की युनिव्हर्सल जॉइंटचे काटे एकमेकांवर टेकतात आणि प्रत्येक फेरीला अडतात. गाडी उंच करायच्या हौसेत शॉक बाहेरच्या भोकात बसवलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत आहेत का तेही बघा. शाफ्ट खोलून परत लावताना ते नव्वद अंशांनी फिरून बसतात, आणि मग शाफ्ट एका फेरीत कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. गाडी हळू चालवली की ही थरथर स्पष्ट जाणवते आणि लोक तिला मोटरचे झटके समजतात.

पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी जास्त वेगाने फिरवणारे ओव्हरड्राइव्ह गिअर कोणी घातले असतील तर मोटरवर थोडा जादा भार येतोच. तेवढ्यासाठी ते काढायची गरज नाही.

स्टिअरिंग

चाकं पूर्ण वळवून धरा आणि सर्वोचा आवाज ऐका. सतत गुणगुण येत असेल तर चाक आपल्या हद्दीला टेकलंय आणि सर्वो तरीही ढकलतोय. रिमोटवर स्टिअरिंगचे एंड पॉइंट (चाकं किती वळतील ती हद्द) कमी करा, आवाज थांबेपर्यंत. फुकटचा उपाय आहे, आणि त्याने सर्वोही वाचतो.

तरीही दगडात वळवताना गाडी मरत असेल तर गणित बघा. साध्या ईएससीच्या आतला बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग, दोन-तीन अँपिअर देतो. पंचवीस-तीस किलो ताकदीचा सर्वो अडकल्यावर त्याहून जास्त ओढू शकतो. व्होल्टेज पडतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि मालकाला वाटतं मोटर दमली. उपाय म्हणजे बॅटरीवरून थेट चालणारा वेगळा बीईसी. तो लावताना ईएससीच्या रिसीव्हर वायरमधली मधली लाल तार काढून तिच्यावर टेप लावा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. आणि वेगळ्या बीईसीचं व्होल्टेज सर्वो आणि रिसीव्हर दोघांनाही चालेल इतकंच ठेवा.

गिअरिंगचा हिशेब

आता कागद-पेन घ्या. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले गिअरबॉक्सचं प्रमाण, गुणिले अ‍ॅक्सलचं प्रमाण. समजा स्पर ५६, पिनियन १४, गिअरबॉक्स २.७ आणि अ‍ॅक्सल ३.७. उत्तर येतं जवळपास ४०. म्हणजे मोटरच्या ४० फेऱ्यांत चाक एकदा फिरतं.

खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गाडीने माणसाच्या चालीपेक्षा वेगात पळू नये, असं मला वाटतं. १२० मिलिमीटरचा टायर एका फेरीत साधारण ३७७ मिलिमीटर जातो. ताशी ५ किलोमीटरसाठी चाकाच्या मिनिटाला सुमारे २२० फेऱ्या लागतात, म्हणजे मोटरच्या नऊ हजारांच्या आतच. आता १८०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १८०० फेऱ्या) ब्रशलेस तीन सेलवर लावली तर भार नसताना ती जवळपास २० हजार फेऱ्या मारते, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. ट्रिगरचा अर्धा प्रवास तुम्ही कधी वापरणारच नाही, आणि उरलेल्या अर्ध्यात गाडी नीट आवरणार नाही.

पिनियन १४ वरून १२ दात्यांचा केला तर त्याच चढावर मोटरला साधारण १४ टक्के कमी करंट लागतो आणि तारांमधली उष्णता पाव हिश्श्याहून थोडी जास्त उतरते. एवढ्याशा दातेरी तुकड्यात इतका फरक पडतो. उलट टायर १०० वरून १२० मिलिमीटर केले की मोटरवरचा भार २० टक्के वाढतो आणि उष्णता ४४ टक्के. "टायर बदलल्यापासून तापते" असं कोणी म्हणालं की पुढचं मी विचारतच नाही, पिनियन बदलायला सांगतो.

वजनाचंही तसंच. छतावरचं रॅक, जेरीकॅन, स्टेपनी, पितळी वजनं, धातूचे बंपर: सगळं देखणं दिसतं आणि सगळं मोटर उचलते. वजन ठेवायचंच तर खाली आणि पुढे ठेवा. छतावरचं वजन गाडी उलटवतं, शिवाय तापवतं.

ईएससीच्या सेटिंग

थ्रॉटल पुन्हा कॅलिब्रेट करा. रिमोट बदलल्यानंतर हे राहून जातं आणि गाडीला पूर्ण थ्रॉटल कधी मिळतच नाही. ट्रिम शून्यावर आणा. उतारावर गाडी थांबत नसेल तर ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडला की आपोआप लागणारा ब्रेक) वाढवा. ब्रशवाल्या मोटरमध्ये ईएससी ब्रेकसाठी मोटरची दोन टोकं आपसात जोडतो, आणि असा ब्रेक मोटर थोडी फिरली तरच लागतो. त्यामुळे खड्या उतारावर गाडी मुंगीच्या पावलांनी खाली सरकते. तो बिघाड नाही.

आणि आता मोटर

इथवर येऊनही तापत असेल तर मोटर बाहेर काढा. शाफ्ट बोटाने फिरवा: चुंबकामुळे टप्प्याटप्प्याने अडखळणं ठीक, घासल्याचा खरखरीतपणा नको. शाफ्ट आडवा हलत असेल तर आतलं बुश झिजलंय. उघडता येणारी ब्रशवाली मोटर असेल तर ब्रश किती उरलेत आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) काळा पडलाय का ते बघा. बंद डब्याची असेल तर उघडायच्या भानगडीत पडू नका, बदला. ब्रशलेसमध्ये आधी सेन्सरची बारीक वायर काढून परत घट्ट बसवा, तिला कुठे गिअर घासलाय का बघा. सेन्सर नसेल तर कमी वेगात ईएससीला मोटरचं उलट व्होल्टेज नीट वाचता येत नाही, म्हणून झटके बसतात. अशी मोटर क्रॉलरसाठी नाहीच.

बदलायची वेळ आली तर टर्नबद्दल, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या वेढ्यांबद्दल, एक अर्धसत्य फिरतं, ते आधी मोडतो. "जास्त टर्न म्हणजे थंड मोटर." त्याच आकाराच्या डब्यात टर्न वाढवले की तार बारीक करावी लागते, रोध वाढतो, आणि तेवढीच ओढ देताना उष्णता जवळपास तितकीच राहते. फायदा दुसरीकडे होतो. करंट कमी लागतो म्हणून ईएससी आणि वायरी निवांत राहतात, हळू वेगात ट्रिगर बारीक साधतो, आणि गाडी अडकलेली असताना चुकून पूर्ण ट्रिगर दाबला गेला तर ५५ टर्नच्या मोटरमध्ये ३५ टर्नच्या निम्म्याहूनही कमी उष्णता होते. अडीच-तीन किलोच्या गाडीला मी दोन सेलवर ३५ टर्न, तीन सेलवर ४५ ते ५५ टर्नची ५४० आकाराची मोटर लावतो. गाडी खरंच जड असेल तर लांब डब्याची ५५० घ्या. तिच्यात तांबं आणि चुंबक दोन्ही जास्त असतात. पण ती मागच्या बाजूला कुठे टेकत नाही ना, ते आधी मोजा.

मोटर ७० अंशांच्या आत राहिली तर मी निश्चिंत असतो. ८० ओलांडले की थांबतो. तापमापक नसेल तर बोट टेकवा: दोन सेकंदही ठेवता येत नसेल तर साठ अंश उलटून गेलेत असं समजा.

इथे थांबा

लायपो फुगली असेल, तिला गोडसर वास येत असेल किंवा कुठे डेंट पडला असेल तर ती चार्ज करू नका, टोचू नका, "एकदा शेवटची चालवून बघू" असंही नको. घराबाहेर, जळणार नाही अशा भांड्यात ठेवा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

ईएससीतून जळका वास आला, एकदा धूर निघाला, किंवा तो रिकामी मोटर फिरवतानाही चटका बसण्याइतका तापतो, तर पुन्हा बॅटरी लावू नका. आतले भाग शॉर्ट झाले असतील तर पुढच्या जोडणीला बॅटरीच पेटू शकते. बोर्डवर हिरवट गंज दिसला तर तेही घरच्या टूथब्रशने भागणारं काम नाही. जाड वायरी ईएससीच्या बोर्डवर सोल्डर करायला चांगली उष्णता देणारं सोल्डरिंग आयर्न आणि सराव लागतो. बारीक आयर्नने अर्धा मिनिट धरून ठेवलं की बोर्डवरचा तांब्याचा पट्टाच उचलला जातो. आणि वरचं सगळं करून, पिनियन कमी करूनही मोटर दुसऱ्यांदा ८० च्या वर गेली, तर आरसी गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे गाडी न्या.

नेताना बॅटरी काढून वेगळी न्या, रिमोट सोबत द्या, आणि चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहा: किती सेल, मोटरचे टर्न किंवा केव्ही, स्पर-पिनियनचे दाते, टायरचा व्यास, आणि किती मिनिटांनी बिघाड येतो. "चढत नाही" एवढंच सांगितलंत तर तोही आधी मोटरच बदलेल.